अंडर-एटीनचा टेबल आणि पुण्याची कोंबडी

बंट्याने परवा ग्रुपवर त्याच्या लाडक्या चेल्सी या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या अंडर-एटीन पोरांचा टेबल, म्हणजे लीगचा गुणतक्ता टाकला, खाली तीन निळे बदाम. मँचेस्टर युनायटेडवाल्या सुहासने त्यावर नुसता उलटा अंगठा दिला. त्यामुळे रविवारी कट्ट्यावर चहा यायच्या आधीच दोघांची जुंपली होती.

"आकडे बघ, आकडे!" बंट्या मोबाइल नाचवत होता. मोठी टीम घसरली की आकड्यांना अर्थ नसतो, पोरं जिंकली की असतो, असा त्याचा साधा हिशेब. "२०१४ ते २०१८, पोरांच्या टीमचे सलग पाच एफए यूथ कप. कोणी केलंय?"

"आम्ही," सुहास शांतपणे म्हणाला. "१९५३ ते ५७. स्पर्धाच तेव्हा सुरू झाली. डंकन एडवर्ड्सची पोरं ती."

"तेव्हा तुझे बाबा तरी जन्मले होते का?"

"बरं, ते सोड. ९२ घे..."

"आलंऽऽ!" सगळे एका सुरात ओरडले. सुहासला एकदा क्लास ऑफ नाइंटी-टू, म्हणजे ९२ चा यूथ कप जिंकणारी युनायटेडची पोरं, चढली की बेकहॅम, गिग्ज, बट, नेव्हिल, स्कोल्स ही नावं तो आरतीसारखी म्हणतो, आणि प्रसाद येईपर्यंत कोणाला हलता येत नाही.

"स्कोल्स ९२ च्या फायनलला नव्हताच," मुग्धा म्हणाली.

आरती थांबली.

"क्रिस्टल पॅलेसला हरवलंत तेव्हा तो टीममध्ये नव्हता. ९३ च्या फायनलला होता. आणि ती तुम्ही लीड्सकडून दोन लेग, म्हणजे फायनलच्या दोन्ही मॅच मिळून ४-१ हरलात, बेकहॅम, नेव्हिल सगळे असताना. आता मला त्या लीड्सच्या टीममधली दोन नावं सांग."

सुहास गप्प. बंट्याचा हात मोबाइलकडे गेला. "गूगल नाही!" शऱ्याने दटावलं. दोन काय, एकही नाव निघालं नाही.

"त्यांना हरवणाऱ्यांची ही गत," मुग्धा म्हणाली. "आणि बंट्या, तू टेबलला बदाम लावतोस. प्रीमियर लीग टू बघ, क्लबांच्या अंडर-ट्वेंटीवन पोरांची लीग, २०२३ पासून सगळे एकाच टेबलात. पहिल्या वर्षी २६ टीम होत्या आणि प्रत्येकीच्या मॅच २०. म्हणजे सगळे एकमेकांशी खेळतसुद्धा नाहीत. वर सोळा जणांना प्लेऑफ. सोळा! एवढ्यांना तर आपल्या सोसायटीच्या क्रिकेटमध्येही पुढे सोडत नाहीत."

"पण आमची पोरं पुढे मोठ्या टीममधून खेळली ना! माउंट, रीस जेम्स, अब्राहम..."

"कधी खेळली? २०१९ ला फिफाने खेळाडू विकत घ्यायला बंदी घातली तेव्हा. बाजार बंद झाला म्हणून घरात काय शिल्लक आहे ते बघितलंत."

"ती स्ट्रॅटेजी होती," बंट्या म्हणाला. शऱ्याच्या नाकातून चहा आला.

पुढचं तिने बंट्याला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांवर पसरून खर्ची पडत असते; घरच्या पोराला खरेदीची किंमतच नसते, म्हणून विकला की जवळजवळ सगळा आकडा नफ्यात. माउंट २०२३ ला गेला, गॅलघर २०२४ ला. "म्हणजे ज्याने टेबल जिंकून दिला तोच आधी दुकानात." सुहास खूश होऊन मान डोलवायला लागला, तशी ती त्याच्याकडे वळली. "आणि तुम्ही कसले हसताय? माद्रिदहून आणलेला गार्नाचो, २०२२ चा यूथ कप त्याने जिंकून दिला. २०२५ ला गेला कुठे? बंट्याकडे."

"तू स्वतः कोणाची गं?" बंट्याने विचारलं. हे सगळ्यांना माहीत आहे, तरी तो दर वेळी विचारतो, कारण पुढचे कोंबडीचे विनोद त्याला पाठ आहेत.

मुग्धा ब्लॅकबर्न रोव्हर्सची. आमच्या पुण्यातल्या कोंबडीवाल्या वेंकीजने २०१० मध्ये घेतलेला क्लब. २०११ ला टीम बालेवाडीत येऊन पुणे एफसीशी मॅच खेळून गेली. शऱ्या बघायला गेला होता, त्याला त्यातलं फक्त पार्किंग आठवतं. पुढच्या मे महिन्यात विगनविरुद्धच्या मॅचला प्रेक्षकांनी क्लबचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली, आणि त्याच संध्याकाळी क्लब प्रीमियर लीगमधून खाली गेला.

"आणि त्याच मोसमात आमची पोरं यूथ कपच्या फायनलला होती. चेल्सीविरुद्ध."

"हरलात!" बंट्या उडालाच.

"हरलो. ४-१. पण दुसरा लेग १-० जिंकलो." हे तिने असं सांगितलं की क्षणभर चेल्सीच हरल्यासारखं वाटलं.

इंग्लंडात प्रेस्टनला एमएस्सी करताना ती जवळच्या लेलँडच्या छोट्या मैदानावर रोव्हर्सच्या पोरांच्या मॅच बघायला जायची. आडवा पाऊस, थोडीशी माणसं, त्यांतले बरेचसे पोरांचे आईबाप. शेजारी एक आजोबा बसायचे, 'पाय' नावाची भरलेली पेस्ट्री खात खात प्रत्येक पोराचं गाव आणि शाळा सांगायचे. एकदा त्यांनी विचारलं, तू कुठली? ही म्हणाली, पुणे. आजोबांनी खाणं थांबवलं. "म्हणजे त्या कोंबडीवाल्यांच्या गावची?" मग बराच वेळ गप्प बसून त्यांनी उरलेली पेस्ट्री हिच्यापुढे धरली. "तुझा काय दोष म्हणा."

"९५ ची लीग पैशांवरच घेतलीत ना पण? शिअरर, सटन..." बंट्याचा हा मुद्दा मात्र खरा होता, आणि त्याला तो कसा सुचला कोण जाणे.

"पैशांवरच. पण जॅक वॉकर ब्लॅकबर्नचाच होता. आणि शेवटच्या दिवशी आम्ही लिव्हरपूलला हरलो, तरी कप आम्हाला मिळाला. का रे सुहास?"

"वेस्ट हॅमच्या त्या गोलकीपरचं नाव काढू नकोस," सुहास म्हणाला. युनायटेडची लीग हुकवणाऱ्या १-१ च्या त्या ड्रॉवरून तो अजून रात्री उठून बसत असावा.

"आणि अ‍ॅडम व्हार्टन घे. ब्लॅकबर्नमध्ये जन्मला, सहाव्या वर्षी क्लबात आला, आमच्याच मोठ्या टीममधून खेळला. २०२४ च्या फेब्रुवारीत पॅलेसने नेला तेव्हा सुरुवातीलाच १.८ कोटी पौंड मोजले. त्याच वर्षी युरोला इंग्लंडच्या संघात, पुढच्या वर्षी मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप. कुठल्या टेबलात दिसतं हे?"

"विकलाच ना शेवटी," बंट्या पुटपुटला.

"विकला," ती म्हणाली. "आधी खेळवला, मग विकला."

यावर काही बोलायचं तर २००४ पर्यंत बंट्या आर्सेनलचा होता आणि पुढच्याच वर्षी चेल्सी लीग जिंकल्यावर त्याच्या अंगावर निळा टी-शर्ट दिसला, हे कोणीतरी काढणार होतंच. सुहासने काढलं. तारीखवार. मग बंट्याने सुहासकडे थकलेले चारशे रुपये काढले. सुहास म्हणाला ते टर्फचे होते, आणि तू आलाच नव्हतास.

"भुर्जी खायची का?" शऱ्याने विषय बदलायला विचारलं.

"अरे नको," बंट्या दचकून म्हणाला, "मुग्धाची अख्खी अकॅडमी आहे ती."

मुग्धाने हेल्मेट उचललं. बंट्या गाडीपर्यंत धावत गेला, आणि चहाचे पैसे या गोंधळात मलाच द्यावे लागले.