पोराला आधी बोलू तर द्या

२०२५ च्या एप्रिलपासून आमच्या फोनवर एकच विषय होता, पहिलीपासून हिंदी. शासननिर्णय निघाला, बदलला आणि २९ जूनला मागे घेतला गेला. मी इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो, माझी थोरली बहीण पारोळा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सक्ती नको, हे दोघांचंही मत. पण त्या सगळ्या गदारोळात पहिलीतलं पोर वर्गात स्वतः किती बोलतं, हे कुणी विचारल्याचं माझ्या कानावर आलं नाही. मला तोच प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो.

मी चौथीत असताना गुरुजींनी विचारलं होतं, ओल्या पाटीवरचं पाणी कुठे जातं? मी हात वर केला नि म्हणालो, ‘उडी जास.’ वर्ग हसला. गुरुजी म्हणाले, ‘नीट मराठीत सांग.’ उडून जातं, एवढंच मी म्हणालो होतो. उत्तर बरोबर होतं, फक्त आमच्या घरच्या बोलीत, अहिराणीत होतं. मी खाली बसलो, आणि त्यानंतर दहावीपर्यंत आपण होऊन कधी हात वर केला नाही. घरी मात्र हाच मुलगा ओट्यावर बसून आजोबांशी कापसाच्या भावावरून वाद घालायचा.

इथे मुलीच्या शाळेत पालकांना एक तास वर्गात बसायला बोलावलं होतं. बाईंनी विचारलं, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? एक मुलगा म्हणाला, चतुर्थांश, कारण चार हे तीनपेक्षा मोठे. बाई ‘चूक’ म्हणाल्या नाहीत. थांबल्या. मग म्हणाल्या, ‘अजून सांग.’ तो सांगू लागला आणि मध्येच अडखळला. मागून एक मुलगी म्हणाली, ‘मला पटत नाही, कारण…’ आणि तिने फळ्यावर चित्र काढलं. दहा मिनिटं एकाच प्रश्नावर गेली. शेवटी त्या मुलाने आपलं उत्तर स्वतःच बदललं. मी मागच्या बाकावर बसून माझी ओली पाटी आठवत होतो.

हा नुसता हौसेचा प्रकार नाही. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात. तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं. इंग्लंडमध्ये शिक्षणतज्ज्ञ रॉबिन अलेक्झांडर यांच्या संवादी अध्यापनाची, म्हणजे मुलांना असंच बोलतं करून शिकवण्याची, नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या वर्गांत चाचणी झाली. २०१७ च्या अहवालानुसार ही मुलं इंग्रजी आणि विज्ञानात इतरांपेक्षा सुमारे दोन महिने पुढे गेली, गणितात एक महिना.

म्हणून इथलं सगळंच आदर्श आहे असं मी म्हणणार नाही. मुलांनी वर्गाबाहेरच्या व्हरांड्यातून तोंड बंद ठेवूनच चालायचं, असा नियम असलेल्या शाळा इथेही आहेत. पण पाच ते सात वर्षांच्या मुलांचा वर्ग तीसपेक्षा मोठा नसावा, असा इथे कायदा आहे. आपल्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीच्या शाळेला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. ताई म्हणते, ‘भाऊ, तुनं खरं शे, पन चार वर्ग नि आम्ही दोन जण.’ एका वर्गाशी बोलत बसलं की दुसरा उंडारतो. त्यात कागद भरायचे, माहिती पाठवायची. यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि शिक्षक वाढवल्याशिवाय ते कुणाकडेच असणार नाही.

पण अहिराणीला वर्गात येऊ द्यायला शिक्षकाची नवी जागा मंजूर करून घ्यावी लागत नाही. नंदुरबारकडच्या भिली, पावरी बोलणाऱ्या पोरांचंही तेच. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा म्हणतं. आधी घरच्या बोलीत भांडू द्या, मग तेच प्रमाण मराठीत लिहून घ्या. मराठी त्याने कमजोर होत नाही. बोलायला सुचलेलं पोरच पुढे लिहितं.

परवा ताईने डब्यातली कळण्याची भाकरी वर्गात मोडली आणि तोच तृतीयांश-चतुर्थांशाचा प्रश्न विचारला. अहिराणीत बोला म्हणाली. मनातल्या मनात तीन आकडे मोजले. मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी पोरं भांडतच होती, आणि शेजारच्या दुसरीतली चार जण येऊन बघत उभी राहिली होती. फोनवर तिने विचारलं, ‘हे पाठाच्या टाचणात कोणत्या रकान्यात लिहू?’