मानेवरची खरड छाटणी

"नागीण झालीय तुम्हाला."

रविवारची सकाळ, नाशिकचा गंगापूर रोड, मिसळीची तोबा गर्दी. समोर बसलेल्या अनोळखी काकांनी हे निदान चार टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं. पांढरी टोपी, खिशात चष्मा, आणि बोट थेट माझ्या गळ्यावर रोखलेलं. शेजारच्या बाईंनी आपलं पोर हळूच पलीकडे सरकवलं.

"नागीण नाही हो काका. वस्तऱ्याने दाढी करायला शिकतोय."

"कुणाकडं?"

"माझा मीच."

काकांनी पाव तर्रीत बुडवला आणि तो पुरता भिजेपर्यंत माझ्याकडे बघत राहिले. "तोंड कुठंय नि शेपूट कुठंय ते बघून ठेवा. गळ्याभोवती फिरून दोन्ही भेटली की आटोपलं. गेरू लावा."

काका दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार निघाले. मग काय, माझ्या मानेची बाग झाली. "काडी कुठं चाललीय ते बघितलं का आधी? न बघताच कात्री घातली! एप्रिलात काडीसाठी खरड छाटणी, ऑक्टोबरात फळासाठी गोडी छाटणी. तुम्ही तर भाऊ, ओलांडाच, वेलीचा मुख्य हातच, सोलून काढला."

मी मिसळीत तोंड घातलं. उपयोग शून्य.

"छाटणी झाली की बोर्डो मारायचं, बुरशीवरचं औषध. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी."

"मानेला शंभर लिटर?"

"तुमच्यापुरतं कमी करा."

बाईंचं पोर हसलं. तोवर त्याला माझी भीती वाटत होती, ते परवडलं असतं.

चीड नागिणीची नाही. चीड याची, की काडीचं ते बरोबर बोलले. गालावरचे केस बहुतेकांचे सरळ खाली येतात. जबडा ओलांडला की त्यांना शिस्त उरत नाही. कुठे वर, कुठे कानाकडे, कंठमण्याच्या बाजूला तर चक्क भोवरा. आणि डावीकडचा नकाशा उजवीकडे चालत नाही. दोन दिवस दाढी वाढू द्यावी, कोरडं बोट चारही दिशांना फिरवावं. जिकडे गुळगुळीत लागेल ती सुलट, जिकडे खरखरेल ती उलट. कागदावर बाण काढून तो कागद आरशाला चिकटवावा. घरचे हसतील. मिसळीवाल्यांपेक्षा बरे.

पहिले दोन-तीन आठवडे मानेवर फक्त सुलट हात. खुंट राहतील, राहू द्यावेत. ते आपल्या बोटांना लागतात, जगाला दिसत नाहीत. त्वचा निवली की पुन्हा फेस लावून आडवा हात. उलट हाताचा मोह मानेपुरता सोडावा. ताणलेल्या त्वचेवर उलटा वस्तरा केस फार खोल कापतो. त्वचा सैल पडली की केसाचं टोक आत जातं, आतच वळतं आणि वर पुटकुळी येते. सलूनमधले "उलटी मारू का?" असं विचारतात तेव्हा अर्धी मारून झालेली असते, आणि चार दिवसांनी गळा खाजवतो तो आपण. पैसे मात्र पूर्ण दाढीचे घेतात. ते असो.

रामकुंडावर नाभिक मंडळी उघड्यावर, हलत्या गिऱ्हाइकाचं डोकं बघता बघता भादरतात, कारण खाली कवटी असते. मानेला हाड नाही. कातडी वस्तऱ्याबरोबर चालू लागते, आपण दाबतो, मग जे होतं ती 'नागीण'. म्हणून डावा हात कामाला लावायचा. वस्तरा खाली येत असेल तर कातडी वर जबड्याकडे ओढायची. हनुवटी थोडीच उचलायची. मान फार मागे टाकली तर कंठमणी पुढे येतो आणि वस्तरा त्या उंचवट्यावर अडखळतो. तिथली कातडी बाजूला, सपाट जागी ओढून घ्यायची. वस्तऱ्याची पाठ आधी गालाला टेकवायची आणि पाठीच्या जाडीच्या साधारण दुप्पट फट पडेल इतकीच उचलायची. तो कोन ३० अंशांच्या आसपास येतो. त्याहून उभा धरला की दाढी होत नाही, सुरण सोललं जातं. हात दोन सेंटिमीटरचे, आणि फेस गेलेल्या जागी पुन्हा पातं फिरवायचं नाही. हा शेवटचा नियम सगळ्यांना पाठ असतो आणि सगळेच तो मोडतात.

दाबावं लागतं, कारण धार नसते. दर दाढीआधी चामडी पट्ट्यावर ४०-५० फेऱ्या: पाठ पुढे, धार मागे, आणि वळताना पातं पाठीवर उलटायचं. धारेवर उलटलं तर पट्टाही गेला आणि धारही. गल्लीतल्या 'कात्रीलाऽ धाऽर'वाल्याला वस्तरा देऊ नये. त्याच्या चाकाच्या उष्णतेने पात्याचं पाणीच, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं. बाजारात वस्तरा मागितला की बहुधा अर्धं ब्लेड बसवायची मूठ मिळते. तिला पट्टा लागत नाही, पण ते पातळ ब्लेड चुकीला माफी देत नाही. शिकाऊ माणसाची मान त्यानेच जास्त सोलते.

दुसरा गुन्हेगार पाणी. बोअरचं जड पाणी साबणाचा साका करतं. फेस दोन मिनिटांत बसतो आणि अर्धी मान कोरडी राहते. पिण्याचं पाणी गरम करून घ्यावं. दाढी दोन-तीन मिनिटं ओली ठेवावी. फेस ताज्या दह्याइतका दाट हवा. श्रीखंड झालं तर पाण्याचे थेंब टाकावेत. बिनपाण्याची लोकांनी केलेली पुरे आहे, आपण आपली करू नये.

शेवटी गार पाणी, मग ओली तुरटी. जिथे झोंबेल तिथे दाबलंय, इतका प्रामाणिक गुरू दुसरा नाही. अर्ध्या मिनिटाने धुऊन टाकावी. लाल मानेवर स्पिरिटवालं लोशन चोपडणं म्हणजे तर्रीवर ठेचा. लाली जाईपर्यंत वस्तरा बंद.

काका उठताना म्हणाले, "ऑक्टोबरात या शेतावर. दाखवतो छाटणी कशी करतात."

घरी येऊन आरशात बघितलं. नागिणीवर माझा काडीचा विश्वास नाही. तोंड उजव्या जबड्याखाली आहे, शेपूट डाव्या कानाशी. अजून चार बोटांचं अंतर आहे.