बंदूक कुणाकडून काढून घ्यायची?

मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची डिसेंबर २०२४ मध्ये हत्या झाली आणि एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेच्या वर शस्त्र परवाने असल्याचं बाहेर आलं. तेव्हा आमच्या शाळेच्या ग्रुपवर दोन तट पडले. एक म्हणे, गुंडांकडे आहेत तर आम्हालाही द्या, अमेरिकेत देतात तसं. दुसरा म्हणे, महाराष्ट्राची अमेरिका करायचीय का? मी राहतो अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या इंडियानापोलिसला, त्यामुळे दोघांनीही मलाच साक्षीला ओढलं. मला दोघांचंही पटलं नाही.

इथं बंदूक घेणं सोपं आहे, यात वाद नाही. ऑफिसातल्या एकाबरोबर मी दुकानात गेलो होतो. त्यानं ड्रायव्हिंग लायसन्स दिलं, खटला चालू आहे का, घरगुती हिंसाचारात शिक्षा झालीय का, अशा प्रश्नांपुढे भराभर ‘नाही’च्या खुणा केल्या. दुकानदारानं एफबीआयच्या यंत्रणेत नाव तपासलं आणि हातातली कॉफी संपायच्या आत पिस्तूल मिळालं. कशाला हवंय, हे कुणी विचारलं नाही. हक्कच आहे म्हटल्यावर विचारणार कोण? जुलै २०२२ पासून या राज्यात ते कमरेला लावून फिरायलाही परवाना लागत नाही.

पण याच इंडियानात धोकादायक वाटणाऱ्या माणसाची बंदूक पोलीस उचलून नेऊ शकतात, हे ग्रुपवर कुणाच्या गावीही नव्हतं. २००४ साली जेक लेअर्ड हा पोलीस अधिकारी इथं मारला गेला. मारणाऱ्याची मानसिक अवस्था पाहून पोलिसांनी त्याच वर्षी त्याच्या बंदुका नेल्या होत्या आणि ठेवून घ्यायला कायदा नाही म्हणून परतही केल्या होत्या. मग २००५ साली लेअर्डच्या नावानं कायदा झाला. आधी जप्ती, मग न्यायाधीशापुढे १४ दिवसांत सुनावणी, आणि धोका सिद्ध करायचा तो सरकारनं.

तो कायदा असूनही १५ एप्रिल २०२१ च्या रात्री इथल्या फेडेक्स या कुरियर कंपनीच्या केंद्रात आठ माणसं मारली गेली, त्यातली चार शीख. मारणारा १९ वर्षांचा होता. पोलिसांच्या गोळीनं मरायचं त्याच्या मनात असावं, असं त्याच्या आईनंच वर्षभर आधी पोलिसांना कळवलं होतं. पोलिसांनी त्याची शॉटगन नेली. सरकारी वकिलांनी मात्र प्रकरण कोर्टात नेलंच नाही. बंदूक परत मागणार नाही, असं घरच्यांनी सांगितलं होतं. शिवाय इतक्या थोड्या दिवसांत पुरावा उभा राहिला नाही तर तीच बंदूक परत द्यावी लागेल, ही धास्ती. शॉटगन राहिली पोलिसांकडे. पण कोर्टाचा आदेश नसल्यामुळे बंदूक विकायची नाही अशांच्या यादीत नाव चढलं नाही, आणि काही महिन्यांतच त्या पोरानं दोन रायफली रीतसर विकत घेतल्या.

आपल्याकडचा १९५९चा शस्त्र कायदा हक्काची भाषा करत नाही. गरज पटवा, मग परवाना. मला हे तत्त्व म्हणून इथल्यापेक्षा बरं वाटतं. पण गरज म्हणजे बहुतेकदा ‘जिवाला धोका’, आणि तसा पोलीस अहवाल मिळतो तो वट असलेल्याला. ज्याच्यापासून गावाला धोका, त्याच्याच कमरेला परवान्याचं पिस्तूल! बीडच्या परवानाधारकांत गुन्हे दाखल असलेले होतेच. बोंबाबोंब झाल्यावर शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. कलम १७ खाली तो अधिकार आधीही होता. वापरायला एका सरपंचाचा जीव जावा लागला.

आणि नको तिथं यंत्रणा तत्पर. कुडाळजवळ माझ्या मामांकडे शेतीसंरक्षणाची बंदूक आहे. २०२४ची विधानसभा लागली ती ऐन भातकापणीच्या तोंडावर. निवडणूक म्हणून बंदूक ठाण्यात जमा, हातात पावती आणि शेतात रानडुकरं. खरं तर निवडणुकीत परवान्याची शस्त्रं सरसकट जमा करायची नसतात. माणूस बघून ठरवायला छाननी समिती असते. (हे ऑफिसातल्या त्या मित्राला सांगितलं, तर तो म्हणाला, “निवडणुकीतच तर मला बंदूक जवळ हवी!”)

तर ग्रुपवर मी लिहिलं ते असं. इंडियानाकडून घ्यायची ती सुनावणी: घरच्यांनी किंवा गावकऱ्यांनी तक्रार केली की शस्त्र जमा, ठरल्या मुदतीत न्यायाधीशापुढे प्रकरण, निर्णय लेखी आणि कारणांसह. इथल्यांनी आपल्याकडून नूतनीकरण घ्यावं. आपला परवाना पाच वर्षांनी पुन्हा तपासला जातो, इथं एकदा बंदूक घेतली की सहसा कुणी विचारत नाही. धोकादायक माणसाचं शस्त्र काढून घेणं हक्काच्या आड येतं, असंही म्हणवत नाही. कोर्टानं धोकादायक ठरवलेल्याला तेवढ्यापुरतं निःशस्त्र करता येतं, असा निकाल इथल्या सर्वोच्च न्यायालयानं जून २०२४ मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी दिला आहे.

त्यावर अंबाजोगाईच्या वर्गमित्रानं एकच प्रश्न टाकला: “तक्रार करणाऱ्याचं नाव त्या माणसाला कळणार का?” इथं आईनं तक्रार केली ती स्वतःच्या पोराविरुद्ध. तिकडं ती करायची दहा माणसं बाळगणाऱ्याविरुद्ध, आणि पुन्हा त्याच गावात राहायचं. नाव गुप्त ठेवावं, तर समोरच्याला उलटतपासणी घेता येत नाही, आणि खोट्या तक्रारी करून विरोधकाचा परवाना घालवणारेही आपल्याकडे कमी नाहीत. मला वाटतं तक्रार तहसीलदार किंवा पोलिसांनी आपल्या नावावर पुढे न्यावी. मित्राला ते पटलेलं नाही. तो म्हणतो, तहसीलदारालाही त्याच तालुक्यात नोकरी करायचीय.