बुप्रेनॉर्फिन, फार्मासिस्ट आणि ‘नशेऐवजी नशा’

‘औषधाच्या दुकानातून बुप्रेनॉर्फिन देणं म्हणजे एक नशा सोडवून दुसरी लावणं. शिवाय ते डॉक्टरचं काम, फार्मासिस्टला झेपणार नाही, आणि गोळ्या बाहेर विकल्या जातील.’ बुप्रेनॉर्फिन हे हेरॉईनसारख्या नशेच्या व्यसनावरचं औषध; ते फार्मसीतून सुरू करण्याच्या अमेरिकेतल्या प्रयोगांबद्दल हा दावा बराच फिरतोय.

आधी ‘नशेऐवजी नशा’. हेरॉईन मेंदूतल्या ओपिऑइड रिसेप्टरना (अफूसारखी द्रव्यं जिथे चिकटतात त्या जागांना) पूर्ण चालना देतं, बुप्रेनॉर्फिन अर्धवट. म्हणून ठरावीक मर्यादेनंतर डोस वाढला तरी श्वास त्या प्रमाणात मंदावत नाही. तलफ, अंगदुखी, जुलाब मात्र थांबतात आणि माणूस कामावर जाऊ शकतो. दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत घेतल्या तर हे संरक्षण उरत नाही. ते दर भेटीत विचारायला फार्मासिस्टपेक्षा सोयीचं कोण?

झेपण्याचा प्रश्न मुख्यतः पहिल्या डोसचा आहे. बुप्रेनॉर्फिन रिसेप्टरला घट्ट चिकटतं आणि हेरॉईनला ढकलून देतं. घाईने दिलं तर विड्रॉवल (नशा तुटल्यावर होणारा त्रास) एकदम उसळतो, आणि असा अनुभव घेतलेला रुग्ण सहसा परत येत नाही. म्हणून शेवटच्या हेरॉईननंतर १२ ते २४ तास थांबायचं; मेथाडोन (व्यसनावरचंच दुसरं ओपिऑइड औषध) किंवा सतत फेंटानिल (हेरॉईनहून तीव्र ओपिऑइड) घेणाऱ्याला त्याहून जास्त. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, घाम, जांभया, नाक गळणं ही लक्षणं मोजून खात्री झाली की २ ते ४ मिलिग्रॅम जिभेखाली. गोळी गिळली तर बरंचसं औषध वाया जातं. विरघळल्यावर पाण्याने चूळ भरायची आणि तासभर दात घासायचे नाहीत, नाहीतर दात खराब होऊ शकतात.

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात प्रशिक्षित फार्मासिस्टनी डॉक्टरांशी केलेल्या कराराखाली उपचार सुरू करण्याचं हे काम केलं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १०० जणांचे उपचार सुरू झाले, त्यातले ५८ स्थिरावले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी या ५८ जणांची फार्मसी आणि क्लिनिक अशी विभागणी झाली. महिन्यानंतर फार्मसीतल्या २८ पैकी २५ जण उपचारात टिकले, नेहमीच्या क्लिनिकमधल्या ३० पैकी फक्त ५. अभ्यास लहान आहे आणि एका महिन्याचाच आहे, पण हा फरक झटकून टाकण्यासारखा नाही.

गोळ्या बाहेर जाण्याची भीती खोटी नाही. पण सुरुवातीला रोजचा डोस काउंटरवर समोर घ्यायला लावता येतो, तोंड तपासता येतं. नॅलोक्सोन (ओपिऑइडचा परिणाम रोखणारं औषध) मिसळलेली गोळी (बुप्रेनॉर्फिनच्या ४ भागांना १ भाग) जिभेखाली नीट चालते. हेरॉईनवर असलेल्याने टोचून घेतली तर विड्रॉवल सुरू होतो. फ्रान्समध्ये १९९६ पासून साधे डॉक्टर बुप्रेनॉर्फिन लिहून देतात आणि नाक्यावरची फार्मसी ते देते. तिथेही काही गोळ्या बाहेर गेल्याच. तरीही १९९५ ते १९९९ मध्ये ओव्हरडोसचे मृत्यू ७९ टक्क्यांनी घटले. त्याच काळात मेथाडोनही वाढलं होतं, पण बहुसंख्य रुग्ण बुप्रेनॉर्फिनवरच होते.