भाविना पटेलची पॅरिसमधली हरलेली मॅच

टोकियोला भाविना पटेलने सिल्व्हर घेतलं तेव्हा जवळपास प्रत्येकाच्या स्टेटसला तिचा फोटो होता. २९ ऑगस्ट २०२१, रविवार, त्यात राष्ट्रीय क्रीडा दिन, सकाळी सकाळी सगळे खूश. टेबल टेनिसमध्ये भारताला पॅरालिम्पिकचं पहिलं मेडल, म्हणजे खूश व्हायलाच हवं होतं. पण सप्टेंबर २०२४ मध्ये पॅरिसला ती क्वार्टर फायनल हरली तेव्हा एक शब्द कोणी बोललं नाही, पेपरमध्ये "भाविनाचे आव्हान संपुष्टात" अशी दोन ओळींची बातमी आणि विषय संपला. मला त्या हरलेल्या मॅचबद्दलच लिहायचंय, कारण माझं ठाम मत आहे की ती तिच्या मोठ्या मॅचेसपैकी एक आहे.

समोर कोण होती ते आधी बघा. चीनची झोऊ यिंग. २००८ ला बीजिंगमध्ये गोल्ड, २०१२ ला लंडनमध्ये गोल्ड, टोकियोत पुन्हा गोल्ड. टोकियोत भाविनाची पहिलीच ग्रुप मॅच हिच्याशी पडली होती आणि ३-११, ९-११, २-११ अशी गेली. मग चार दिवसांनी फायनलला परत तीच समोर, ७-११, ५-११, ६-११, अख्खी फायनल १९ मिनिटांत संपली. आता पॅरिसचा स्कोअर वाचा: १२-१४, ९-११, ११-८, ६-११. पहिला गेम ड्यूसपर्यंत, म्हणजे १०-१० च्या बरोबरीपुढे ताणला, दुसरा फक्त दोन पॉइंटने गेला, तिसरा तर घेतलाच. टोकियोच्या फायनलला तीन गेम मिळून १८ पॉइंट होते, पॅरिसला चार गेममध्ये ३८. तीन वर्षांत, वय ३४ वरून ३७ वर गेलेलं असताना, त्याच खेळाडूसमोर एवढा फरक पाडणं याला मी प्रगती म्हणतो. फक्त ड्रॉ असा लागला की झोऊ यिंग फायनलऐवजी क्वार्टर फायनललाच समोर आली, आणि त्यामुळे गळ्यात काही पडलं नाही, एवढंच.

व्हीलचेअरवरचं टेबल टेनिस ज्यांनी बघितलं नाही त्यांना वाटतं हा आपलाच खेळ, फक्त बसून. तसं नाहीये. क्लास १ ते ५ व्हीलचेअरवाले, ६ ते १० उभं राहून खेळणारे आणि ११ बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी, भाविना क्लास ४ मध्ये. या क्लासमध्ये हात चांगले चालतात, बसल्या जागी तोलही बऱ्यापैकी असतो, पण कंबर हवी तशी घट्ट राहत नाही, त्यामुळे पुढे वाकून बॉल घेतला की परत सरळ बसायलाच वेळ जातो, दुसरा हात चाकाला किंवा खुर्चीला धरून तोल सांभाळायचा आणि तेवढ्यात समोरून पुढचा बॉल आलेला असतो. सर्व्हिसला नियम आहे की बॉल समोरच्याच्या मागच्या कडेवरूनच बाहेर गेला पाहिजे, साईडने सटकला, टेबलवरच थांबला किंवा नेटकडे परत फिरला तर लेट, म्हणजे पॉइंट नाही, सर्व्हिस परत. पण रॅली सुरू झाली की ही सूट संपली. मग नेटजवळ हळूच टाकलेला छोटा बॉल, कडेने बाहेर पळणारा साईडस्पिन, सगळं चालतं. उभं राहून खेळणारा एक पाऊल टाकून जे घेतो ते इथे हाताच्या लांबीतच भागवावं लागतं, म्हणून समोरची बॉल कुठे टाकणार हे तिच्या खांद्यावरून, मनगटावरून आधीच ओळखावं लागतं. बुद्धीचा खेळ आहे हो हा, कुठला बॉल सोडायचा आणि कुठल्यासाठी जीव टाकायचा याचा निर्णय डोळ्याची पापणी लवायच्या आत.

ही समज एका रात्रीत येत नाही. मेहसाणा जिल्ह्यात वडनगरजवळ सुंढिया नावाचं गाव, वडिलांचं तिथे छोटं दुकान, वर्षाची असताना पोलिओ. पुढे अहमदाबादला ब्लाइंड पीपल्स असोसिएशनमध्ये कॉम्प्युटर शिकायला गेली, तिथे बाकीची मुलं टेबल टेनिस खेळत होती म्हणून हीपण खेळायला लागली, आणि ललन दोशी सरांसारखे कोच भेटले. २०११ ला थायलंड ओपनमध्ये सिल्व्हर आणि वर्ल्ड रँकिंगमध्ये थेट दोन नंबर! हे २०११ बरं का, टोकियोच्या दहा वर्षं आधी. २०१३ ला बीजिंगला आशियाई स्पर्धेत सिल्व्हर. २०१६ च्या रिओसाठी पात्र ठरूनही तांत्रिक कारणाने जाता आलं नाही, आणि या गोष्टीवर मला आजही राग येतो, खेळाडूच्या ऐन उमेदीतलं एक पॅरालिम्पिक म्हणजे चार वर्षं असतात. आपण तिला ओळखायला लागलो २०२१ ला, तोवर ती दहा वर्षं जगातल्या टॉपच्या खेळाडूंशी भिडत होती. मग बर्मिंगहॅमला २०२२ मध्ये कॉमनवेल्थ गोल्ड (तिथे क्लास ३ ते ५ एकत्र होते, म्हणजे तिच्यापेक्षा कमरेने जास्त मोकळ्या खेळाडूसुद्धा त्याच ड्रॉमध्ये), हांगझोऊला आशियाई पॅरामध्ये ब्राँझ.

आणि टोकियोबद्दलसुद्धा आपण नीट काय बोललो? "पोलिओवर मात", "अपंगत्वावर मात", सगळीकडे हेच. मला हे वाचून त्रास होतो. पोलिओ तिच्याबरोबर तसाच आहे, त्याच्याशी तिची मॅच नव्हती. तिने मात केली ती क्वार्टर फायनलला सर्बियाच्या बोरिस्लाव्हा पेरिच रँकोविचवर, जी रिओची गोल्ड मेडलिस्ट होती, ११-५, ११-६, ११-७, अवघ्या १८ मिनिटांत. सेमी फायनलला चीनच्या झांग मियाओवर, जिला तिने त्याआधी एकदाही हरवलं नव्हतं, पहिला गेम गमावून ३-२ ने. पाचवा गेम ११-८. विराट किंवा सिंधूबद्दल लिहिताना आपण शॉटबद्दल बोलतो, मग हिच्याबद्दल लिहिताना फक्त डोळ्यात पाणी का? कौतुक मनापासून असतं लोकांचं, मला मान्य आहे, पण खेळाडूला खेळाडू म्हणून बघा ना.

पैशाचंही तसंच. मेडल आल्यावर गुजरात सरकारने ३ कोटी जाहीर केले, छानच झालं. पण माझ्या मते त्याहून जास्त कामाची मदत टोकियोच्या आधी झाली होती, केंद्र सरकारच्या टॉप्स (टार्गेट ऑलिम्पिक पोडियम स्कीम) योजनेतून बॉल फेकणारा रोबो आणि खेळासाठीची चांगली व्हीलचेअर. रोबो एकाच कोपऱ्यात न थकता बॉल टाकत राहतो, तसला सराव लॉकडाऊनमध्ये कोण देणार होतं? पैसा मॅचच्या आधी पोचला की असं होतं.

आपल्या महाराष्ट्रातही पॅरा खेळांची परंपरा आहे. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर, १९७२ ला हायडेलबर्गला पोहण्यात गोल्ड, हे आता बऱ्याच जणांना माहिती झालंय, पण ते त्याआधी १९६८ च्या तेल अवीव पॅरालिम्पिकमध्ये टेबल टेनिस खेळलेत हे किती जणांना माहितीये? आणि आज मी जिथे खेळतो त्या हॉलला बाहेर पायऱ्या, रॅम्प नाही. टेबलंही अशी की खुर्ची पुढे घेतली की फूटरेस्ट टेबलच्या पायाला आपटतो. नियमात लिहिलंय, व्हीलचेअरसाठी टेबलचे पाय मागच्या कडेपासून किमान ४० सेंटीमीटर आत पाहिजेत. तसं टेबल मिळतं, नवीन घेताना फक्त विचारायचं असतं. आमच्या भागातली एक शाळकरी मुलगी व्हीलचेअरवर बाबांबरोबर येते, बाबा आणि आणखी कोणीतरी खुर्ची उचलून आत आणतात, आणि ज्या दिवशी दुसरं कोणी नसतं त्या दिवशी ते दोघं तसेच घरी जातात. विचारलं की उत्तर मिळतं, एकाच मुलीसाठी एवढा खर्च कशाला. अहो, रॅम्प झाला तर दुसरी येईल ना!

लॉस एंजेलिस २०२८ ला भाविना ४१ वर्षांची असेल. खेळेल की नाही ते तीच ठरवेल, खेळली तर मी प्रत्येक राऊंड बघणार, मेडल असो नसो.

हॉलच्या कमिटीला मी रॅम्प आणि एका टेबलसाठी लेखी अर्ज देतोय. आमच्या इथे खेळणारे जे कोणी हे वाचतायत, त्यांनी रविवारी सकाळी सही करायला या, येताना अजून दोघांना घेऊन या.