सोनेरी आरसा ‘नवा’ करू नका

जुन्या इंग्रजी रोकोको (अठराव्या शतकातली, पाने-पक्ष्यांच्या नागमोडी कोरीवकामाची शैली) आरशांबद्दल एक सल्ला सर्रास फिरतो आहे: चौकट लिंबूपाण्याने पुसा, उडालेल्या जागी सोनेरी रंग मारा, डागाळलेली काच बदला, म्हणजे आरसा झळाळेल आणि किंमतही वाढेल. यातले काहीही करू नये.

सर्वांत घातक ते लिंबूपाणी. साधारण 1745 ते 1770 या काळातल्या, मॅथायस लॉक, टॉमस जॉन्सन, चिपेंडेल या इंग्रज कारागीर-आराखडेकारांच्या वळणाच्या या चौकटी बहुधा पाइनच्या लाकडात कोरलेल्या असतात. लाकडावर खडूची पूड आणि चामड्याच्या सरसाचे थरावर थर, वर बारीक माती, तिच्यावर पाण्याने बसवलेला सोन्याचा वर्ख, आणि उठावाचे भाग अकीकाने घोटलेले. सगळी मदार सरसावर, आणि सरस पाण्याने सुटतो. ओले फडके फिरले की आधी वर्ख जातो, मग लाल माती उघडी पडते, शेवटी पांढरा थर. लिंबाचे आम्ल तर खडूच खाते.

एखाद्या कोपऱ्यात पाणी लावून काही झाले नाही, म्हणूनही निर्धास्त होऊ नये. त्याच चौकटीत काही भागांवर वर्ख तेलाच्या अस्तरावर असतो, तो पाणी सोसतो. शेजारचा घोटलेला भाग सोसत नाही. घरी फक्त मऊ केसांच्या कोरड्या ब्रशने धूळ झटकावी. थर उचललेला दिसला तर तेही टाळावे. निखळलेले पान किंवा पक्ष्याची चोच फेव्हिकॉलने चिकटवू नये. जागा लिहून पिशवीत जपावी.

सोनेरी रंगात बहुतेकदा पितळेची पूड असते. ती काही वर्षांत तपकिरी-हिरवट पडते, आणि ती काढताना खालचा मूळ वर्खही धोक्यात येतो.

काचेमागे चांदी नसते, कथील आणि पारा असतो; चांदीची पद्धत लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने नंतर, 1835 मध्ये शोधली. मूळ काच पातळ, किंचित राखाडी, हलके तरंग असलेली असते. पेनाचे टोक टेकवले की टोक आणि प्रतिबिंब यांत फट अगदी कमी दिसते. तिच्या जागी सपाट फ्लोट काच (आजची कारखान्यातली साधी काच) बसवली की कोरीव कामामागची ती मंद चमक गेली, आणि जाणकार ग्राहकाच्या लेखी किंमतही उतरली. डाग असह्यच झाले तर मूळ काच जाणकाराकडून काढवून, नाव-तपशील लिहून चौकटीसोबतच ठेवावी.

आरसा आडवा टाकू नये, उलटाही करू नये: सुटलेला पारा खालच्या कडेला साचलेला असतो. मागची बाजू नायट्राइल हातमोज्यांशिवाय हाताळू नये, तिथे व्हॅक्यूम क्लीनरही लावू नये. तो पाऱ्याची वाफ खोलीभर पसरवतो.