गुंतलेला गुंतवणूकदार

माझा फ्लॅट माझ्या मागे लागला आहे.

माणसाच्या मागे बँक लागते, दलाल लागतात, साडेसाती लागते. फ्लॅट लागल्याचं ऐकिवात नव्हतं. पण सकाळी हवामानाचा अंदाज बघायला जावं, तर ढगाच्या चित्राखाली माझा हॉल. गुडघेदुखीचे व्यायाम शोधावेत, तर तिसऱ्या व्यायामाशेजारी माझं बाथरूम. परवा कुणाच्या तरी श्रद्धांजलीचा लेख गंभीर चेहऱ्याने वाचत होतो, तर दुसऱ्या परिच्छेदानंतर 'आजच भेट द्या' असं बटण घेऊन माझी बाल्कनी उभी!

हा आमचा दुसरा फ्लॅट. राहायचा नव्हे, गुंतवणुकीचा. राहत्या घरात मी, बायको आणि दोघांत एक संगणक असे तिघं राहतो. दुसरा घ्यायला बायकोचा विरोध होता. ताबा मिळाला त्या दिवशी ती एकदाच आली, ओल्या प्लास्टरचा वास घेतला, "इथे वारा कुठून येणार?" असं विचारलं आणि "यापुढे या फ्लॅटचा विषय माझ्यासमोर काढायचा नाही," असं बजावून गेली. मी तो काढलेला नाही. फ्लॅट विकायला काढला, तेही तिला सांगितलेलं नाही.

भाच्याला मात्र सांगितलं, आणि तिथेच चुकलं. भाचा डिजिटल मार्केटिंगमध्ये आहे. म्हणजे नेमकं काय करतो हे माझ्या बहिणीलाही सांगता येत नाही. कुणी विचारलं तर ती "कॉम्प्युटरवर असतो" म्हणते आणि विषय बदलते.

"मामा, पेपरात तीन ओळी देऊन घर विकायचे दिवस गेले," तो म्हणाला. "गिऱ्हाईक आता फोनमध्ये असतं."

त्याने आधी मला नवं सिम घ्यायला लावलं, कारण धंद्याचा नंबर वेगळा हवा. ते सिम घरातल्या एका जुन्या हँडसेटमध्ये बसलं. मग माझा आवाज ऐकून तो म्हणाला की हा आवाज तक्रार केल्यासारखा वाटतो. धंद्याच्या फोनवर खर्जात, सावकाश बोलायचं. फेसबुकवर पान उघडलं, त्याला माझं नाव न देता एक भारदस्त इंग्रजी नाव दिलं. त्याचा अर्थ मी गुपचूप शब्दकोशात पाहिला. तिथेही नव्हता.

फोटोंच्या दिवशी कळलं की आपण जागा घेतो ती चौरस फुटांत आणि विकतो ती लेन्सच्या अंशांत. भाचा दाराला पाठ लावून खोलीच्या कोपऱ्यात उभा राहिला, पोट आत घेतलं, वाइड अँगल लेन्स छातीच्या उंचीवर धरली आणि माझ्या बेडरूममध्ये एकदम चार माणसं फुगडी घालू शकतील एवढी जागा झाली. एरवी तिथे पलंग ठेवला की माणसाने पलंगावरूनच ये-जा करावी लागेल. मग व्हर्च्युअल स्टेजिंग, म्हणजे रिकाम्या खोलीत संगणकावर सामान मांडणं. सोफा आला, कुंड्या आल्या, न हलणारे पडदे आले, आणि खिडकीतून दिसणारे शेजारच्या इमारतीचे सांडपाण्याचे पाइप जाऊन तिथे संध्याकाळ आली. मला अपराधी वाटलं. पाइप घालवले ते काही मला पटलं नाही, आणि सामान तरी खोटं आहे हे लिहायलाच हवं, यावर मी अडून बसलो. भाच्याने लिहिलं. तळाशी, फिकट राखाडी रंगात, मुंगीच्या अक्षरात.

"आता सांग, तुझं गिऱ्हाईक कोण?"

"ज्याला फ्लॅट हवाय तो."

"असं नाही चालत, मामा. पर्सोना लागतो."

मग आम्ही बसून गिऱ्हाईक घडवलं. वय ३५ ते ४५. नोकरी कायमची. घरात दोन पगार. बागकामाची आवड, कारण बाल्कनी आहे. वाचनाची आवड, कारण खिडकीतून बाहेर बघणाऱ्याचा आमच्याकडे हिरमोड होईल. नुकतंच लग्न ठरलेलं. फेसबुकने सगळं निमूट ऐकून घेतलं आणि काटा लाल रंगात नेऊन ठेवला: तुमचा ग्राहकवर्ग फारच मर्यादित आहे. म्हणजे असा माणूस ब्रह्मदेवानेही बहुधा घडवलेला नाही.

अर्थात ही चाळणी सगळीकडे लावता येत नाही. अमेरिकेत घर विकताना किंवा भाड्याने देताना वंश, धर्म वगैरे बघून भेदभाव करायला १९६८ पासून कायद्याने बंदी आहे. चाळण्या लावून नेमकं तेच करता येतं, यावरून कोर्टकज्जे झाले आणि २०१९ मध्ये फेसबुकने तिथल्या घरांच्या जाहिरातींतून वय, लिंग आणि पिनकोड निवडायची सोय काढून टाकली. योग्यच केलं. घर कुणी घ्यावं हे मी कोण ठरवणार? मी तर 'कुणीतरी घ्या हो' या अवस्थेला आलो होतो. आम्हीही चाळण्या काढल्या. लगेच काटा दुसऱ्या टोकाला: ग्राहकवर्ग फारच व्यापक आहे.

जाहिरात सुरू झाली आणि तिच्यापुढे शब्द उमटले, 'लर्निंग'. जाहिरात आता शिकते आहे, कुणाला दाखवायचं आणि कुणाला नाही. आठवड्याभरात साधारण ५० जणांनी फॉर्म भरले की तिचं शिक्षण पूर्ण होतं. मात्र मध्येच बजेट, चित्र किंवा मजकूर यांत मोठा बदल केला की ती शिकलेलं विसरते आणि पुन्हा पहिलीत बसते. माझा स्वभाव चालत्या गोष्टीला हात लावण्याचा. रात्री अकराला वाटायचं, 'प्रशस्त'च्या जागी 'ऐसपैस' बरं दिसेल. सकाळी भाच्याचा फोन: "मामा, हात लावलास ना?" माझी जाहिरात तीन आठवडे पहिलीत होती.

तरी फॉर्म आले. त्यांना लीड म्हणायचं. आणि लीड ही गरम असतानाच धरायची असते. कंपन्यांनी आलेल्या लीडला तासाभरात गाठलं, तर एवढातेवढा उशीर करणाऱ्यांपेक्षा धड बोलणं होण्याची शक्यता जवळजवळ सातपट असते, असा अभ्यास २०११ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये छापून आला होता. भाच्याने तो तास आखडून माझ्यासाठी पाच मिनिटांवर आणला. त्यामुळे मी जुना हँडसेट घेऊन आंघोळीला जाऊ लागलो.

पहिली लीड आली तेव्हा तोंडाला फेस होता. तरी खर्ज लावला. "नमस्कार, आपण आत्ताच आमच्या फ्लॅटसाठी फॉर्म भरलात..."

"कुठला फॉर्म?"

"फेसबुकवर. दोन मिनिटांपूर्वी."

"मी? मी झोपलोय."

यात त्या गृहस्थाचा दोष नाही. या फॉर्ममध्ये नाव आणि नंबर फेसबुक स्वतःच प्रोफाइलमधून उचलून भरून ठेवतं. माणसाने फक्त अंगठा टेकवायचा. झोपेत कूस बदलताना अंगठा लागला तरी तो घर घ्यायला निघालेला असतो. यावर उपाय म्हणून फॉर्मचा दुसरा प्रकार आहे: पाठवण्यापूर्वी 'माहिती बरोबर आहे ना' असं पुन्हा विचारणारा. तो लावल्याबरोबर लीड येणंच थांबलं. म्हणजे एवढे दिवस मी झोपलेल्यांनाच उठवत होतो.

जागे होते त्यांचे प्रकार वेगळे. एक प्रकार "शेवटचं किती?" वाल्यांचा. नाव सांगण्याआधी, फ्लॅट कुठे आहे हे विचारण्याआधी, 'हॅलो'च्याही आधी: शेवटचं किती? मी पहिलं किती हे अजून सांगितलेलं नसायचं. दुसरा प्रकार आपला स्वतःचा फ्लॅट मला विकू पाहणाऱ्यांचा. हे माझे धंदेबंधू. सगळ्यांचा आवाज खर्जातला. तिसरा आणि सर्वांत मोठा प्रकार मला मार्केटिंग शिकवू पाहणाऱ्यांचा. मालमत्ता ऑनलाइन कशी विकावी हे मी कधीतरी शोधलं होतं आणि तो वास त्यांना लागला होता. 'गुंतवणूकदारांसाठी मोफत वर्ग, फक्त तीन जागा शिल्लक, १४ मिनिटं ५९ सेकंद.' घड्याळ उलटं पळायचं. शून्यावर आल्यावर काय होतं ते मी धीर धरून बघितलं. काही होत नाही. पान पुन्हा उघडलं की पुन्हा १४ मिनिटं ५९ सेकंद, आणि जागा तीनच.

व्हॉट्सअॅपचं थोडक्यात सांगतो. जमवलेल्या दोनशे नंबरांची ब्रॉडकास्ट यादी केली आणि फोटोंसकट निरोप धाडला. यादी २५६ जणांपर्यंत करता येते, हे कुणीही सांगतो. पण ज्यांनी आपला नंबर आपल्या फोनमध्ये जतन करून ठेवलाय त्यांनाच तो निरोप पोचतो, हे पाठवल्यावर समजतं. माझा धंद्याचा नंबर जगात एकट्या भाच्याने जतन केला होता. त्याने उत्तर पाठवलं: "शेवटचं किती?"

रीलबद्दल बोलायची इच्छा नाही. पहिल्या तीन सेकंदांत माणसाला धरून ठेवायचं म्हणून मी धावत येऊन दार उघडणार होतो. दार बाहेर उघडतं.

मग आम्ही गूगलकडे वळलो. इथे माणूस स्वतःहून शोधत येतो, त्यामुळे तो जागा असतो ही निश्चिती. आपण फक्त शब्द द्यायचे. मी दिला: घर. जुळणीचा प्रकार आपण निवडला नाही तर गूगल ऐसपैस जुळणी धरतं, म्हणजे शब्दाच्या आसपास फिरणारी सगळी मंडळी आत. आठवड्याने भाच्याने अहवाल उघडला. माझी जाहिरात बघून क्लिक करणारे लोक काय शोधत होते, त्याची यादी होती. पाल घरातून कशी घालवावी. घरजावई व्हावं का. सर्दीवर घरगुती उपाय. घरघर आवाज करणारा पंखा. आणि एकाने लिहिलं होतं, 'ती मनात घर करून बसली आहे, काय करू'. या प्रत्येकाच्या क्लिकचे पैसे मी मोजले होते. त्या शेवटच्या माणसाबद्दल मात्र मला अजून वाटतं की त्याला माझ्या बाल्कनीचा थोडा तरी आधार झाला असेल.

यावरचा उतारा म्हणजे निगेटिव्ह कीवर्ड: कोणत्या शब्दांवर जाहिरात दाखवायची नाही ते सांगायचं. पाल, जावई, सर्दी, पंखा, मन. दोन संध्याकाळी मी मराठी भाषेतलं जे जे 'घर' आहे त्यातून माणसांना हाकलत बसलो होतो. यादी करता करता ध्यानात आलं की आपल्या भाषेत घर फारच थोड्या वेळा विकायचं असतं.

जाहिरातीवरचा अर्धा खर्च वाया जातो, पण कोणता अर्धा ते कळत नाही, असं एक वाक्य जॉन वॉनामेकर नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्याच्या नावावर खपवलं जातं. तो १९२२ मध्ये गेला. आता त्याची अडचण उरलेली नाही. कोणता अर्धा वाया गेला हे आलेखासकट दिसतं: दोन्ही.

आलेखाचं मला व्यसनच लागलं. गूगलच्या हिशेबात तुमच्या पानावर कुणी दहा सेकंदांहून जास्त थांबला की ती भेट 'एंगेज्ड' ठरते. मराठीत सांगायचं तर माणूस गुंतला. आज किती गुंतले हे बघायला मी दिवसातून साठ वेळा पान उघडायचो. घरातल्या त्याच एका संगणकावर. एके दिवशी भाचा आनंदाने म्हणाला, "मामा, एक जण फारच गुंतलाय. रोज येतो, सगळे फोटो बघतो, बाथरूमवर तर थांबूनच राहतो. याच्यावर रिटार्गेटिंग लावू. जाईल तिथे जाहिरात दिसली पाहिजे."

लावलं. तेव्हापासून माझा फ्लॅट माझ्या मागे आहे. हा हिशेब ब्राउझरवर चालतो. समोर कोण बसलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, हे भाच्याने सांगितलं होतं. मी तेव्हा ते कानाआड केलं.

दरम्यान फॉर्म लहान केला. जितके रकाने, तितकी गळती, म्हणून नाव काढून टाकलं. फक्त फोन नंबर.

काल रात्री जुना हँडसेट थरथरला. नवी लीड! अहवाल उघडला, तर पानावर सलग अकरा मिनिटं. अकरा! अशी लीड मी आजवर पाहिली नव्हती. बेडरूममध्ये जाऊन नंबर लावला. लीड येऊन मिनिटही झालं नव्हतं. तेवढ्यात बाहेर संगणकाशी बसलेल्या बायकोचाही फोन वाजायला लागला. ती फोनवर मोठ्याने बोलते, म्हणून मी दार लोटून घेतलं आणि खर्ज लावला.

"नमस्कार, आपण आत्ताच आमच्या फ्लॅटसाठी..."

"हो, मीच भरला फॉर्म," पलीकडून कुजबुजता आवाज आला. "जरा हळू बोला हं. मिस्टर घरात आहेत, त्यांना एवढ्यात कळायला नकोय. केवढी मोठी बेडरूम आहे हो तुमची! आणि संध्याकाळ काय सुंदर दिसते खिडकीतून. आमचाही एक फ्लॅट आहे, यांनी हौसेने घेतलेला. अंधारा, कोंदट, वारा म्हणून नाही. तो काढून टाकून हा घ्यावा म्हणते मी. शेवटचं किती?"